वाळूत बंद पडणाऱ्या बग्गीची दुरुस्ती: माझा अनुभव

मी बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रदुरुस्तीचे काम करतो. त्यामुळे आंबोली घाट उतरून आम्ही सुट्टीसाठी वेंगुर्ल्याला गेलो, तेव्हा मावसभावाने किनाऱ्यालगतच्या आपल्या जागेत पर्यटकांसाठी ठेवलेली बग्गी, म्हणजे वाळूत चालवायची पेट्रोलची छोटी गाडी, मला लगेच दाखवली. ती सहज सुरू होई, परंतु सुरूच्या झाडांमधून थोडे अंतर गेल्यावर अडखळत बंद पडे आणि काही वेळ उभी ठेवली की पुन्हा व्यवस्थित चाले.

पेट्रोल व हवा मिसळणारा कार्बोरेटर आधीच साफ झाला होता आणि इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगही नवा होता. बिघाड विश्रांतीनंतर आपोआप नाहीसा होत असेल, तर पेट्रोलचा प्रवाह तपासणे मला अधिक योग्य वाटते. बग्गी बंद पडताच मी टाकीचे झाकण सैल केले. हवा आत ओढली गेल्याचा स्पष्ट आवाज आला आणि इंजिन सुरू झाले. पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी झाकणातील बारीक छिद्रातून हवा आत यावी लागते; ते छिद्र मीठ व वाळूने बुजल्यामुळे टाकीत निर्वात निर्माण होऊन पेट्रोल अडत होते.

झाकण काढून ते गोड्या पाण्याने धुतले, छिद्रातून आतल्या बाजूने दाबाची हवा सोडली आणि पूर्ण सुकवूनच पुन्हा बसवले. हवेच्या गाळणीचा स्पंजही साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, तेलात हलका भिजवून पिळून घेतला, कारण कोरड्या स्पंजातून बारीक वाळू इंजिनात शिरते आणि पिस्टन झिजवते. त्यानंतर बग्गी दिवसभर न थांबता चालली.