लंडनच्या व्हिंटेज फॅशन मेळ्यात खरेदी कशी करावी

किंग्ज रोडवरच्या चेल्सी ओल्ड टाउन हॉलमध्ये वर्षातून काही वेळा 'फ्रॉक मी' हा जुन्या कपड्यांचा मेळा भरतो. दालनात ओळीने टेबलं आणि रॅक लागलेले असतात. त्यांवर झगे, कोट, हॅट, पर्सा, नकली दागिने, बटणांचे डबे आणि कधीकधी शंभर वर्षांपूर्वीचा मणीकामाचा झगाही. या मेळ्याला हा रस्ता शोभतो. फॅशन डिझायनर मेरी क्वांटने आपलं 'बझार' हे दुकान १९५५ मध्ये इथेच उघडलं. १९६६ मध्ये ४८८ नंबरला 'ग्रॅनी टेक्स अ ट्रिप' सुरू झालं आणि तिथे सुरुवातीला आजीच्या काळातले कपडेच विकले जायचे. जुना कपडा गरजेपोटी नाही तर हौसेने घालायचा, ही कल्पना लंडनमध्ये रुजवणाऱ्या दुकानांपैकी हे एक.

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा मुलाबाळांकडे उन्हाळ्यात महिना-दोन महिने येणाऱ्या मराठी मंडळींनी असा एक तरी मेळा जरूर बघावा. आपल्याकडे घरोघरी शिवणयंत्र होतं, त्यामुळे शिलाई कळणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत, आणि इथे तीच नजर लागते. माझं सांगणं एकच आहे: कपडा समोरून आवडला की लगेच उलटा करा. त्याचं वय, कारागिरी आणि दुखणी सगळी आतल्या बाजूला असतात.

जायच्या आधी

मेळा दर आठवड्याला नसतो, म्हणून तारीख आधी बघून घ्या. तारीख जुळत नसेल तर शुक्रवारी पोर्टोबेलो रोडवर वेस्टवेच्या उड्डाणपुलाखाली जुन्या कपड्यांचे स्टॉल लागतात. मॅरिलबोनजवळ चर्च स्ट्रीटवर १९७६ पासून चालू असलेलं 'अल्फीज' हे बंदिस्त मार्केट आहे. आणि सप्टेंबरमध्ये जमलं तर चिचेस्टरजवळचं 'गुडवुड रिव्हायव्हल' गाठा. ती खरं म्हणजे जुन्या मोटारींची शर्यत, पण तिथले प्रेक्षकही १९४८ ते १९६६ या काळातला पेहराव करून येतात, कारण तो ट्रॅक मुळात तेवढीच वर्षं चालू होता.

नजर तयार करायला एक फुकट सोय आहे. 'व्ही अँड ए' (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाने २०२५ मध्ये पूर्व लंडनमध्ये आपलं कोठार लोकांना खुलं केलं. तिथे संग्रहातल्या वस्तू आधी नोंदवून ठेवल्या तर त्या समोर आणून दाखवतात, त्यात कपडेही आले. खरा १९५० चा झगा एकदा जवळून बघितलात की मेळ्यातली नक्कल ओळखणं बरंच सोपं होतं. 'रेट्रो' म्हणून टांगलेला कपडा बरेचदा जुन्या धाटणीचा पण नवा शिवलेला असतो. तो घ्यायला हरकत नाही, फक्त जुन्याचा भाव देऊ नका.

मग मापं. स्वतःला नीट बसणारा एक कुर्ता किंवा ड्रेस पलंगावर सपाट पसरून खांदा, छाती, कंबर आणि उंची इंचांत लिहून घ्या, आणि मापाची टेप पर्समध्ये ठेवा. लेबलवरच्या नंबरावर जाऊ नका. पन्नासच्या दशकातला १४ नंबर बरेचदा आजच्या १० नंबरवालीला बसेल इतकाच निघतो.

कपडे घालून बघायला पडद्याआडचा कोपरा मिळाला तरी नशीब, म्हणून अंगाला बसणारा पातळ टॉप आणि लेगिंग्ज घालून जा, म्हणजे वरूनच चढवून बघता येईल. बूट पटकन निघणारे हवेत. खड्याच्या अंगठ्या घरीच ठेवा, कारण जुन्या शिफॉनला एक खडा अडकला तरी धागा ओढला जातो. लिपस्टिकही नको. थोडी रोख रक्कम आणि एक मोठी कापडी पिशवी जवळ असू द्या.

आत शिरल्यावर

पहिल्या तासात माल उत्तम असतो आणि शेवटच्या तासात भाव उतरतात. मी पहिला तास निवडेन, कारण इथल्या प्रत्येक कपड्याचा एकच नग असतो. एखादा झगा मनात भरला तर 'फेरी मारून येते' म्हणून तो रॅकवर परत लावू नका. हातात ठेवा किंवा दहा मिनिटं बाजूला ठेवायची विनंती करा. बहुतेक विक्रेते ती ऐकतात.

अनेक जण जुन्या काळासारखे नटूनथटून येतात. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, बहुतेकांना आनंदच होतो.

कपडा उलटा करा

आधी लेबल बघा. दोन गोल चकत्या, प्रत्येकीची एक फाक कापून काढल्यासारखी, आणि पुढे ४१ असा आकडा दिसला तर तुमच्या हातात ब्रिटनच्या युद्धकाळातला 'युटिलिटी' कपडा आहे. १९४१ ते १९५२ या काळात सरकारी नियमांनुसार कमीत कमी कापडात शिवलेल्या कपड्यांवर हे चिन्ह असायचं. 'सेंट मायकल' हे मार्क्स अँड स्पेन्सरचं लेबल १९२८ पासून २००० पर्यंत चाललं, त्यामुळे एवढ्यावरून दशक कळत नाही. लोकरीचं वूलमार्क चिन्ह १९६४ मध्ये आलं, म्हणजे ते असलेला कोट त्याआधीचा असूच शकत नाही. न वापरलेल्या कपड्यावर मूळ किमतीची चिठ्ठी असेल आणि तिच्यावर ५९/११ असं काही लिहिलेलं असेल, तर ते शिलिंग आणि पेन्स. ब्रिटनमध्ये दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला सुरू झालं, तेव्हा ती चिठ्ठी त्याआधीची.

मग चेन. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या झग्यांना ती बहुधा डाव्या कुशीला असते आणि धातूची असते. चेनऐवजी टिचबटणंही सापडतात. पुढे चेन पाठीवर आली आणि साठच्या दशकात धातूची जागा हळूहळू नायलॉनने घेतली. पण चेन बदललेली असू शकते. तिच्या कडेचा दोरा बाकी शिवणीच्या दोऱ्याशी जुळतो का, हे बघा.

शिवणीच्या कडा तर आवर्जून तपासा. जुन्या कपड्यात त्या कातरीने नागमोडी कापलेल्या, हाताने गुंफलेल्या किंवा फितीत बंद केलेल्या दिसतात, आणि शिवणीत भरपूर कापड सोडलेलं असतं. कपडा उसवून मोठा करायचा आणि आणखी दहा वर्षं वापरायचा, या हिशेबानेच तो शिवलेला असे. आज तुम्हाला तो सैल करायचा असेल तर हेच कापड कामी येतं. सगळ्या कडा एकसारख्या ओव्हरलॉक केलेल्या आणि शिवणीत कापड नाममात्र असेल, तर कपडा अलीकडचा असण्याची शक्यता जास्त. कुठल्याही एका खुणेवर निर्णय घेऊ नका. लेबल, चेन आणि शिवण तिघं एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच वय पक्कं धरा.

आता दुखणी. पहिली जागा काखेची. जुना घाम कापडाचा धागा खाऊन टाकतो. तिथलं कापड कडक, पिवळट किंवा विरलेलं लागलं तर तो कपडा सोडा, कारण धुऊन काही फरक पडत नाही. नंतर कपडा खिडकीकडे किंवा मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. लोकरीत कसर लागली असेल तर बारीक भोकं चमकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रेशमात खास लक्ष घाला. त्या काळी रेशीम जड आणि सळसळतं व्हावं म्हणून त्यात कथिलासारख्या धातूंचे क्षार भरत असत. असं रेशीम कालांतराने घडीघडीवर उभं फाटत जातं, आणि एकदा सुरुवात झाली की ते थांबवता येत नाही. कितीही सुंदर दिसलं तरी घालण्यासाठी घेऊ नका.

शेवटी वास घ्या. डांबराच्या गोळ्यांचा वास वाऱ्यावर टांगून पुष्कळ कमी होतो, बुरशीचा मात्र चिवट असतो. तुटलेलं बटण, सुटलेली तुरपाई, बिघडलेली चेन ही कामं सोपी आहेत आणि भाव कमी करून घ्यायला उपयोगी पडतात. विरलेलं कापड दुरुस्त होत नाही.

पहिल्या खरेदीला काय घ्यावं? पैसे बेताचे असतील तर साठ-सत्तरच्या दशकातला क्रिम्पलीनचा झगा बघा. क्रिम्पलीन हा टेरिलीनच्याच घराण्यातला फुगीर धागा. टेरिलीनचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये लागला आणि पुढे आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने त्याचे शर्ट कौतुकाने घातले. क्रिम्पलीन चुरगळत नाही, आटत नाही, रंग टिकतो, फक्त उन्हाळ्यात उकडतं. थोडे जास्त खर्चायची तयारी असेल तर लँकेशायरच्या 'हॉरॉक्सेस' कंपनीचा पन्नासच्या दशकातला फुलाफुलांचा सुती झगा शोधा. राणी एलिझाबेथने १९५३-५४ च्या राष्ट्रकुल दौऱ्यात त्यांचे झगे वापरले होते.

भारतात शिवलेले झगे

मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो या रॅकचा. सत्तरच्या दशकात भारतातून पातळ सुती, हाताने छापलेले लांब झगे ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर आले. 'मॉन्सून' हे दुकान १९७३ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं तेही अशाच कपड्यांवर. १९०५ मध्ये पुण्यात ज्या विलायती कापडाची होळी झाली, त्याच विलायतेत आज आपल्या ठशांच्या छपाईचे पन्नास वर्षांपूर्वीचे झगे लोक जपून ठेवतात आणि चांगली किंमत देऊन विकत घेतात.

छपाई खरंच हाताची आहे का, हे तपासायचं तर कापड सपाट धरून नक्षी जिथे पुन्हा सुरू होते ती रेघ शोधा. लाकडी ठसा दर वेळी हाताने टेकवलेला असतो, त्यामुळे दोन ठशांच्या सांध्यावर कुठे रंग एकावर एक चढून गडद झालेला असतो, कुठे केसभर फट राहिलेली असते. एखाद्या फुलाचा लाल रंग काळ्या बाह्यरेषेबाहेर थोडा सरकलेला दिसतो. पूर्ण कापडावर एकही सांधा सापडला नाही तर ती बहुधा हाताच्या ठशांची छपाई नाही.

भाव

घासाघीस चालते, पण आपल्या मंडईतली नाही. अर्ध्या किमतीला मागणं इथे अपमानाचं वाटतं. 'यात तुम्हाला सर्वांत कमी काय परवडेल?' असं सरळ विचारा. साधारण दहा टक्के सुटतात, दोन-तीन वस्तू एकदम घेतल्या आणि रोख दिले तर थोडे अधिक. दोष सापडला असेल तर शांतपणे दाखवा. विक्रेत्यांना बोलतं करा. कपडा कुठल्या घरातून आला, आधी कोणाचा होता, हे त्यांना बरेचदा माहीत असतं आणि सांगायला आवडतं.

भारतात परतणार असाल तर मगरीच्या कातड्याची पर्स, खऱ्या कासवाच्या पाठीचा कंगवा किंवा हस्तिदंताचा दागिना घेऊ नका. अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. ब्रिटनमध्ये तर २०२२ पासून हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवरच जवळपास पूर्ण बंदी आहे.

घरी आणल्यावर

लोकरीचा कपडा थेट कपाटात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवला की कसरीची अंडीसुद्धा मरतात. पिशवी उघडायच्या आधी तिला एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रेयॉनचं क्रेप पाण्यात घालू नका, ते बघता बघता बोटभर आटतं. ड्रायक्लीनिंगला देतानाही कपडा जुना आहे हे सांगा. मणीकामाचे आणि तिरप्या कापाचे झगे हँगरला टांगले की स्वतःच्या वजनाने ओघळतात. पैठणी ठेवतो तसे ते मऊ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून आडवे ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला.