गिटारचा अँप (अँप्लिफायर) घुमतोय? आधी अर्थिंग बघा
पुण्यात गणपतीच्या मांडवात वाजवायचं असेल, तर गिटारच्या आधी मल्टीमीटर बाहेर काढा. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वायरमनला बोलवा. तोवर प्लग लावू नका. अँप आणि पेडलबोर्ड (इफेक्ट पेडल्सची पाटी) एकाच पॉवर बोर्डावर घ्या, लाइटिंगच्या डिमरची लाइन वेगळी.

तरी घूंऽऽ येतंय? गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर थांबलं, तर ते पिकअप (गिटारवर तारांची कंपनं टिपणारं चुंबक) ओढतंय. उभं राहायची दिशा बदला. मिक्सरला जोडल्यावरच येत असेल, तर डीआय बॉक्सचं (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा.

घुमणं थांबवायला प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. हातात तारा आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला झटका जीव घेऊ शकतो.