सरकारी नियम आला की तो कुणाच्या अधिकारात काढलाय हे कसं तपासायचं

नागरिकशास्त्रात शिकलो की कायदा विधिमंडळ करतं, सरकार राबवतं आणि निवाडा कोर्ट देतं. प्रत्यक्षात रोज आपल्याला भिडणारे बरेचसे नियम मंत्रालयात नाहीतर दिल्लीत अधिकारी लिहितात, आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी तर नियमही करते, चौकशीही करते आणि दंडही लावते. हे बेकायदा नाहीये. १९५१ च्या 'दिल्ली लॉज अ‍ॅक्ट' (Delhi Laws Act) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की तपशील भरायचं काम विधिमंडळ सरकारकडे सोपवू शकतं, मात्र धोरण ठरवायचं मूळ काम सोपवता येत नाही. म्हणूनच कुठलाही नियम अंगावर आला की 'हा लिहायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी' हे विचारायलाच हवं.

आधी कागद कसला आहे ते बघा, कारण जीआर आणि नियम यात लोक कायम गल्लत करतात. जीआर हा सरकारचा प्रशासकीय आदेश, कायदा आणि नियम जिथे गप्प आहेत तिथे तो चालतो, त्यांच्या विरोधात जाऊ शकत नाही. कुणी जीआर दाखवून तुमचं काम अडवलं तर मूळ नियम मागा.

नियम असेल तर तो राजपत्रात असतो आणि सुरुवातीलाच 'अमुक अधिनियमाच्या कलम तमुकद्वारे प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' अशा थाटाचं लांबलचक वाक्य असतं. बहुतेक जण ते सोडून थेट खाली जातात, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. तो कलम नंबर घ्या, इंडिया कोड या कायद्यांच्या सरकारी साइटवर मूळ कायदा उघडा, नियम करायचं कलम बहुतेक वेळा शेवटाकडे सापडतं आणि कोणत्या विषयांवर नियम करता येतील याची यादी तिथे असते. विषय यादीत नाही म्हणून लगेच बेकायदा समजू नका, कायद्याच्या उद्देशासाठी नियम करायचा सर्वसाधारण अधिकारही सहसा दिलेला असतो. पण नियमाने कर लावला असेल तर जास्त बारकाईने बघा, राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही.

अजून मसुदाच असेल तर हीच खरी वेळ. कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर मसुदा छापणं आणि आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करणं सरकारला बंधनकारक आहे. शेवटची तारीख मसुद्यात दिलेली असते. नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहू नका, नियम क्रमांक, मूळ कलम आणि तुम्हाला हवा तो बदल एकाखाली एक लिहा आणि पोच घ्या.

पुढे नियम सभागृहासमोर ठेवले जातात, संसदेत असे नियम तपासायला सबॉर्डिनेट लेजिस्लेशन कमिटी पण आहे, पण तिथे चर्चा फार कमी होते, हे मला मनापासून खटकतं. आमदार-खासदारांना पत्र पाठवून त्याबद्दल विचारा.

शेवटचा मार्ग हायकोर्ट, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली तिथे याचिका करता येते. उदाहरणार्थ, केंद्राने २०२३ मध्ये आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमात बदल करून स्वतःच्या कारभाराबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी आहे का हे ठरवायला स्वतःचंच फॅक्ट चेक युनिट आणायचं ठरवलं होतं. मुंबई हायकोर्टात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं, मग तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबरमध्ये तो बदल घटनाबाह्य आणि मूळ आयटी कायद्याच्याही पलीकडचा ठरवला. वकिलाकडे जाताना राजपत्राची प्रत, मूळ कलम आणि हरकतीची पोच सोबत न्या.