रंगीत कॅक्टसचा खुंट कुजला तरी गोळा टाकू नका

म्हापशाच्या बाजारात हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा गोळा बसवलेला कॅक्टस मिळतो, ती खरं तर दोन झाडं. गोळ्यात हरितद्रव्य नाही; त्याचं पोट खालच्या तीन धारांच्या खुंटावर चालतं, आणि हा खुंट ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला. जपानमध्ये १९४१ साली अशी लाल रोपं बियांतून निघाली, तीही कलमावरच जगवावी लागली. तेव्हा नुसता गोळा मातीत रोवू नका, उपाशी मरेल.

गोव्याच्या पावसात आधी खुंट जातो. दसऱ्यानंतर उघडीप मिळाली की प्रत्येक कुंडीत मातीलगत खुंट बोटाने दाबून बघा. मऊ किंवा तपकिरी लागला तर थांबू नका, गोळा कापून नव्या खुंटावर चढवा. कूज गोळ्यापर्यंत चढली की हाती काही उरत नाही.

नवा खुंट मात्र आधीच तयार हवा. ड्रॅगन फ्रूटचा वीतभर कोवळा तुकडा आठवडाभर सावलीत सुकवून रेती आणि चिऱ्याच्या खड्यांत लावा, मुळं धरू द्या. नारळाचा काथ्या पाणी धरून ठेवतो, तो इथे नको.

कोरड्या दिवशी सकाळी ब्लेड स्पिरिटने पुसा. खुंटाचा शेंडा आडवा कापून धारांच्या कडा तिरक्या तासा, नाहीतर सुकताना कडा वर राहून मधला भाग खोल जातो आणि गोळा सुटतो. गोळ्याचा तळ स्वच्छ रंग दिसेपर्यंत कापत जा. तांबूस ठिपका उरला तर आणखी एक चकती काढा आणि दर वेळी ब्लेड पुसा. दोन्ही कापांत मधोमध फिकट कडं दिसेल, ते रस वाहणाऱ्या नळ्यांचं. सगळं यश कड्यावर कडं बसण्यात आहे. लहानमोठी असतील तर गोळा थोडा सरकवा, दोन्ही कडी कुठेतरी एकमेकांना छेदली पाहिजेत. मी पहिल्यांदा गोळा सुबक दिसावा म्हणून बरोबर मध्यावर ठेवला होता. पंधरा दिवसांत तो सुरकुतून पडला.

गोळ्यावरून कुंडीखालपर्यंत दोन रबरबँड आडवे-उभे ताणा, बेताचेच. दहा दिवस सावलीत ठेवा, कापावर पाण्याचा थेंब नको. गोळा टणक राहिला तर कलम धरलं. पुढेही दुपारचं थेट ऊन टाळा, खुंटाला फुटणारे कोंब खुडा, पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला तर स्पिरिटचा बोळा फिरवा. गोळ्याला लागलेली पिल्लंही अशीच वेगळ्या खुंटांवर चढवता येतात. जून महिना लागायच्या आत सगळ्या कुंड्या छपराखाली घ्या.