पंप फिरतो, पण वर्ट चढत नाही: घरच्या बीअरसाठी पंप लावताना या चुका टाळा

पहिल्यांदा पंप जोडला त्या दिवशी मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं धान्य, ६६ अंशांवर होता, पंप घुमत होता आणि नळीतून वर्टचा, म्हणजे त्यातून उतरणाऱ्या गोड रसाचा, थेंबही येत नव्हता. बटण बंद केलं, चालू केलं, पंपाला दोन थपडा मारल्या, विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. बाबा चहाचा कप घेऊन पडवीत आले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आधी भरून घेतलास का?"

गोव्यात फोंड्याच्या बाजूला ज्याच्या घरी कुळागर (सुपारीची बाग) आहे, त्याला हा प्रश्न नवा नाही. मे महिन्यात विहीर खाली जाते, फूट व्हॉल्वमध्ये एखादं सुपारीचं पान अडकतं आणि मोनोब्लॉक पंप नुसता फिरत राहतो. मग वरचा बूच काढायचा, कळशीने पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहायचं. आमचा पंपवाला मेस्त्री तर पाना हातात घेण्याआधीच निकाल देतो: "पंप बरो आसा रे. भितर वारें रिगलां." बीअरच्या पंपाचंही दहातल्या नऊ वेळा हेच असतं. पंप चांगला असतो, आत हवा असते.

फरक एवढाच, की विहिरीचा पंप एकदा भरला की खालून पाणी ओढू शकतो. घरच्या बीअरसाठी मिळणारे छोटे मॅग्नेटवाले पंप स्वतःहून हवा बाहेर काढून द्रव ओढू शकत नाहीत. यांत मोटरचा दांडा हेडमध्ये, म्हणजे द्रव फिरतो त्या पुढच्या डबीत, जातच नाही. बाहेरचं चुंबक फिरतं, मधल्या भिंतीपलीकडे इम्पेलरमधलं (द्रव ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकातलं) चुंबक त्याच्यामागे फिरतं. सील नाही, म्हणून तिथून गळती नाही. मात्र इम्पेलरला थंड आणि बुळबुळीत ठेवायला आतल्या द्रवाशिवाय दुसरं काहीच नसतं.

हवा इतकी का नडते, त्याचा हिशोब सोपा आहे. असा पंप साडेतीन मीटरच्या आसपास पाणी चढवतो. हेडमध्ये हवा असेल तर तो साडेतीन मीटर हवेचा स्तंभ चढवतो, आणि तेवढ्या हवेचं वजन जेमतेम चार मिलिमीटर पाण्याइतकं भरतं. म्हणजे पूर्ण जोर लावूनही पंप वर्ट चार मिलिमीटर वर घेणार. त्याला दोष कसा द्यायचा?

पंप टेबलावर ठेवू नका

माझी पहिली चूक हीच. केटल (वर्टचं मोठं नळवालं पातेलं) स्टँडवर, पंप शेजारी टेबलावर, दोघे साधारण एका उंचीला. दिसायला झकास, वायर लांबवायची गरज नाही, वाकावं लागत नाही. पण वर्ट आपल्या वजनाने पंपात उतरला पाहिजे. आता माझा बर्नर अंगणात दोन-दोन चिऱ्यांच्या थरावर असतो आणि पंप खाली, अर्ध्या चिऱ्यावर. अर्धा चिरा अशासाठी, की सांडलेलं पाणी मोटरखाली जाऊ नये. केटलच्या नळापासून पंपापर्यंत नळी सतत उतरती हवी. मध्ये कुठे तिने उंटाची पाठ काढली, की त्या कुबडात हवा जाऊन बसते आणि हलत नाही.

काजूच्या भट्टीत हा सगळा व्याप नाही, कारण तिथे पंपच नाही. कोळंबीवर, म्हणजे काजूची बोंडं तुडवायच्या जागेवर, तुडवलेल्या काजूचा निरो (रस) उताराने आपला आपण भांड्यात येतो. आपल्यालाही तोच उतार पाहिजे, फक्त पंपाच्या तोंडापर्यंत.

हेडचं तोंड कुठे आहे?

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात उशिरा लक्षात येते. बहुतेक पंपांत वर्ट हेडच्या मधोमध समोरून आत जातो आणि कडेच्या तोंडातून बाहेर पडतो. पंप डब्यातून निघतो तेव्हा हे कडेचं तोंड बऱ्याचदा आडवं असतं, आणि आपण तसंच जोडून टाकतो. मग हेडच्या वरच्या अर्ध्या भागात हवा कोंडते. ती वर जायला बघते, वर वाटच नसते.

हेडचे चार स्क्रू काढा, हेड पाव वळवा, बाहेर जायचं तोंड वर आभाळाकडे करा, स्क्रू परत आवळा. पाच मिनिटांचं काम. पंप उभा लावायचा असेल तर मोटर वर आणि हेड खाली ठेवा. उलटं केलंत तर जोडातून टपकणारा प्रत्येक थेंब मोटरमध्ये जाईल.

भरून कसं घ्यायचं

वीज बंद. बाहेरच्या नळीचं टोक बादलीत, केटलमधल्या पातळीच्या बरंच खाली धरा. पंपानंतरचा व्हॉल्व पूर्ण उघडा, मग केटलचा नळ पूर्ण उघडा. आधी फुस्स करून हवा येईल, मग फेसाळ वर्ट, मग गुळगुळीत धार. पारदर्शक सिलिकॉनची नळी असेल तर बोटभर लांबीचा हवेचा गोळा सरकत पुढे जाताना स्पष्ट दिसतो. तो गेला की बाहेरचा व्हॉल्व बंद करा, नळी जागेवर लावा, पंप सुरू करा आणि व्हॉल्व हळूहळू उघडा. बादलीतला वर्ट मॅशवर परत ओता.

तरी धरत नसेल तर पंप बंद करा, पाच-सहा सेकंद थांबा, परत चालू करा. बंद असताना बुडबुडा वर चढतो, चालू असताना इम्पेलर त्याला मध्येच फिरवत ठेवतो. दोन-तीनदा केलं की ढेकर दिल्यासारखा आवाज येतो आणि धार लागते. तेही जमलं नाही तर बाबांची कळशी: बाहेरच्या नळीत फनेल लावून वरून गरम पाणी ओता, हवा केटलमधून वर येईल.

"धरेल थोड्या वेळाने" म्हणत पंप कोरडाच फिरवत ठेवणं मात्र महागात पडतं. आतला बुश झिजतो, तापतो आणि पुढच्या वेळी करकर सुरू होते.

धार कमी करायचीय? बाहेरचा व्हॉल्व

केटलचा नळ फिरवून प्रवाह कमी करायचा मोह होतो, कारण तो हाताशी असतो. पण आत येणारी वाट आवळली की पंप उपाशी राहतो, आत दाब पडतो आणि गरम वर्ट तिथेच वाफ व्हायला लागतो. नियंत्रण नेहमी पंपाच्या पुढे. या जातीच्या पंपाला पुढून थोडा वेळ पूर्ण बंद केलं तरी काही होत नाही.

मॅशच्या वेळी याला फार महत्त्व आहे. व्हॉल्व एकदम उघडला की धान्याचा थर खाली खेचला जातो, टरफलं दाबून बसतात, वर्ट उतरत नाही आणि आपण पुन्हा पंपाला बोल लावतो. पहिली दहा मिनिटं मिनिटाला दोन-तीन लिटरच्या वर जाऊ नका.

उकळत्या वर्टला पंप लावणं

गॅस मोठा, वर्ट खदखदतोय, आणि आपण पंप चालू केला. पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज येतो आणि धार तुटते. गोव्यात आपण समुद्रसपाटीला, म्हणजे पाणी १०० अंशांना उकळणार. तिथे वर्ट वाफ होण्याच्या काठावर असतो. इम्पेलरच्या तोंडाशी दाब जरा पडला की तिथेच बुडबुडे. ९५ अंशांवर आलात तर सुमारे पावणेदोन मीटर पाण्याइतक्या दाबाची सवलत मिळते. म्हणून गॅस बंद करा, दोन-चार मिनिटं खदखद बसू द्या, मग पंप.

नळ्या उकळत्या वर्टने निर्जंतुक करायच्या असतील तर उकळी येण्याआधीच पंप भरून ठेवा. उकळताना तो भरून घेणं म्हणजे हाताला चटका ठरलेला. आणि सिलिकॉनची नळी तापली की मऊ पडते. केटलच्या नळाखाली ती स्वतःच्या वजनाने मुडपते आणि आतल्या आत बंद होते. तिथे स्टीलचा एल्बो लावा.

बुडबुडे संपतच नाहीत तेव्हा

बाहेरच्या नळीत बारीक बुडबुड्यांची माळ सतत चालू असेल तर आत येणाऱ्या बाजूचा एखादा जोड हवा घेतोय. असा जोड चालू पंपावर टपकत नाही, म्हणून सापडत नाही. पंप चालू ठेवून कपाने एकेका जोडावर पाणी ओता. ज्या जोडावर ओतल्यावर बुडबुडे थांबतात, तो चोर.

माझ्याकडे तो चोर आट्यांचा निघाला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचं, बीएसपी; अमेरिकेहून आलेल्या पंपावर असतं तिकडच्या पद्धतीचं, एनपीटी. अर्ध्या इंचाला दोन्हींचे इंचाला १४ आटे, त्यामुळे सुरुवातीला छान बसतात. पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, तो जोड कधी ना कधी दगा देतोच.

नातेवाइकाकडून अमेरिकेहून पंप मागवणाऱ्यांसाठी आणखी एक: तो ११५ व्होल्टचा असतो, थेट आपल्या प्लगला लावला की धूर. ट्रान्सफॉर्मर लावलात तरी तिकडचे ६० हर्ट्‌झ इथे ५० होतात, पंप मंद फिरतो आणि चढवण्याची ताकद साधारण सत्तर टक्क्यांवर येते. त्यात आपलं ओलं अंगण, जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. प्लग ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवर (वीज गळली की लगेच तोडणाऱ्या स्विचवर) नसेल तर पंप लावूच नका, बालदीने ओता. आणि हे सगळं मांडण्याआधी अबकारी खात्यात परवान्याचं विचारून घ्या, गोव्यात दारू स्वस्त असली तरी ती बनवायला कायदा आहे.

हॉप्सचा गाळ, बर्फाचं पाणी

पेलेट हॉप्स (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या दाबलेल्या गोळ्या) सुटे टाकलेत तर त्यांचा हिरवा चिखल इम्पेलरपर्यंत जाणारच. पिशवी किंवा जाळी वापरा. मोटरचा आवाज येतोय पण धार अचानक गेली, तर चुंबकांची पकड सुटलेली असू शकते. बंद करून पुन्हा चालू केलं की बहुतेक वेळा पकड परत येते.

वर्ट थंड करायला गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात उपयोगाचं नाही, दुपारी त्याने हातही धुववत नाहीत. आधी टाकीच्या पाण्याने जमेल तेवढा उतरवा, मग बर्फाच्या बादलीत कारंज्याचा बुडणारा छोटा पंप सोडून तेच पाणी कॉइलमधून (वर्टमध्ये बुडवलेल्या धातूच्या वेटोळ्या नळीतून) फिरवा. तो पाण्यातच बसतो, त्यामुळे भरायची भानगड नाही. वर्टमध्ये मात्र तो घालू नका.

काम झालं की लगेच गरम पाणी फिरवा आणि हेड उघडून इम्पेलर काढा. त्याच्या मागे साखरेचा थर बसतो, दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग, आणि महिन्याने पंप नुसता गुरगुरतो, फिरत नाही. तसं झालंच तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, हेड कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, सुटतं. उघडताना खाली ताट ठेवा. माझी ओ-रिंग एकदा अंगणात घरंगळली होती, संध्याकाळी दिवा लावताना आईला तुळशीपाशी सापडली.