पूर ओसरल्यावर घर साफ करायला जाताना या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि वडोदऱ्यातील अकोटा, समा, फतेहगंज अशा अनेक भागांत घरांमध्ये पाणी शिरले. पाणी ओसरताच आमच्या चर्चमधील तरुण मंडळी फावडी, बादल्या आणि खराटे घेऊन निघाली, याचे कौतुकच आहे. परंतु पुरानंतरच्या सफाईत त्याच त्या चुका पुनःपुन्हा पाहून आता कंटाळा आला आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घरमालकाला न विचारता सामान बाहेर फेकणे. अकोट्यातील एका घरी आजी शेजाऱ्यांकडे चहा घ्यायला गेल्या होत्या, तेवढ्या वेळात आमच्या उत्साही मुलांनी भिजलेली गादी, कपाट आणि एक गंजकी पत्र्याची पेटी रस्त्यावरच्या ढिगावर नेऊन टाकली. पेटीत घराचा दस्तऐवज आणि दिवंगत यजमानांचे पेन्शनचे कागद होते. ढीग उचलायला आलेला ट्रॅक्टर थांबवून, गुडघाभर कचऱ्यात हात घालून ती पेटी शोधावी लागली. शिवाय नुकसानीचा सर्व्हे अजून व्हायचा होता आणि कपाटाचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. तेव्हापासून मी दारातच एकाला मोबाईल देऊन उभा करतो: आधी प्रत्येक खोलीचा फोटो, मग मालकाचा होकार, मगच वस्तू बाहेर. भिजलेले कागद ओढून सुटे करू नयेत, सावलीत वाऱ्यावर पसरावेत. यात वेळ जातो हे खरे, पण ज्याला रविवारच्या उपासनेपूर्वी तीन घरे ‘उरकायची’ असतात त्याने फावड्याऐवजी पाण्याच्या बाटल्या वाटाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या फरशीवरच, ती लवकर उजळावी म्हणून, संडास धुण्याचे अॅसिड ओतले जाते. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो थेट फुप्फुसांना इजा करतो. अॅसिडची बाटली मी घरात शिरूच देत नाही. चिखलावर पावडर भुरभुरवणेही व्यर्थ आहे, कारण घाणीतच क्लोरीन खर्च होऊन जातो. चिखल ओला असतानाच खरवडून काढावा, फरशी साध्या पाण्याने धुवावी आणि त्यानंतर ब्लीचिंगचे पाणी फिरवावे.

मेन स्विच बंद केला म्हणजे वीज गेली, असेही समजू नये. इन्व्हर्टर चालू राहिला तर सॉकेटमध्ये प्रवाह असतोच. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू करू नये.

चपला घालून चिखलात उतरू नये. गमबूट हवेतच, आणि पायाला जखम असलेल्याने घरीच थांबावे, कारण लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या आजाराचे जंतू तिथून शिरतात. जमिनीखालच्या टाकीत कोणी एकट्याने उतरू नये.

जिन्याखाली किंवा मोटारीखाली नदीच्या पुरासोबत आलेली मगर दिसली, तर व्हिडिओ काढत उभे राहू नये. मागे सरून सर्वांना लांब ठेवावे आणि वनविभागाला फोन करावा.

जुने कपडे गोळा करून आणणाऱ्यांनी ते धुऊन आणि निवडून आणावेत. फाटके कपडे पूरग्रस्ताच्या दारात टाकले, तर त्याच्या कचऱ्यात भर पडण्यापलीकडे काहीही साधत नाही.