घराच्या वायरिंगला जनरेटर जोडताना या चुका टाळा

वादळात तारेवर झाड पडलं की लाइन कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही. मग 2 ते 5 केव्हीए क्षमतेचा पेट्रोल जनरेटर भाड्याने आणायचा आणि घाईघाईत घराला जोडायचा. जनरेटर बहुधा ठीकच असतो, गफलत जोडणीत होते.

दोन्ही टोकांना टॉप (प्लग) लावलेली वायर

एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आणि मेन स्विच खाली. हा जुगाड सर्रास चालतो. जनरेटर चालू असताना ती वायर भिंतीतून निघाली, तर टॉपच्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात. मेन पाडायचा राहिला तर करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो. 11 केव्हीचे (11 हजार व्होल्टचे) 433 व्होल्ट करणारी डीपी, म्हणजे भागातला ट्रान्सफॉर्मर, उलट दिशेनेही काम करते, त्यामुळे वरच्या तारेवर हजारो व्होल्ट चढू शकतात. लाइन बंद आहे म्हणून लाइनमन तिथेच खांबावर चढलेला असतो. त्यात वरून सप्लाय आला, तर जनरेटरचं वाइंडिंग जळतं.

‘आम्ही आठवणीने मेन पाडतो’ हे उत्तर नाही. मीटरजवळचा मेन स्विच आणि डिस्ट्रिब्युशन बॉक्स यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवा: एका बाजूला लाइन, मध्ये शून्य, दुसऱ्या बाजूला जनरेटर. त्याचं रेटिंग जनरेटर पाहून ठरवू नका. वर्षभर त्यातून घराचा सगळा लोड जाणार आहे, म्हणून ते मेन स्विचइतकं, म्हणजे 32, 40 किंवा 63 अँपिअर, असेल तेवढं घ्या. जनरेटरच्या बाजूला वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवी: 2 केव्हीएला 10 अँपिअर आणि 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर. 5 केव्हीएला 20 अँपिअर आणि 4 चौरस मिमी. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

न्यूट्रल

पैसे वाचवायला सिंगल पोल चेंजओव्हर बसवतात. फेज बदलतो, न्यूट्रल (करंटची परतीची तार) मात्र लाइनच्या न्यूट्रलला जोडलेलाच राहतो, म्हणजे जनरेटर लाइनपासून पूर्ण तुटत नाही. म्हणून सिंगल फेज घराला टू-पोल आणि थ्री फेजला फोर-पोल चेंजओव्हरच लावा. आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) चेंजओव्हरच्या पुढे, घराच्या बाजूला हवी. जनरेटरचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या पट्टीवर आणून बांधला, की लाइन आल्यावर ती विनाकारण ट्रिप होत राहते.

आता टेस्टर घ्या. जनरेटरवर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे टेस्टर मंद मिणमिणत असेल, तर जनरेटरचा न्यूट्रल तरंगता आहे, कुठेच अर्थ केलेला नाही. अशा वेळी एखाद्या उपकरणाच्या बॉडीत करंट उतरला तरी त्याला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी पडत नाही. टेस्ट बटण दाबल्यावर मात्र ती पडते, म्हणून लोक निर्धास्त राहतात. कंपनीचं मॅन्युअल मनाई करत नसेल, तर जनरेटरपाशी एकाच ठिकाणी न्यूट्रल आणि बॉडी जोडून ती घराच्या अर्थिंगला जोडायची. न्यूट्रलही तोडणारा चेंजओव्हर असेल तरच हे करा.

थ्री फेज घराला सिंगल फेज जनरेटर लावताना आर-वाय-बी हे तिन्ही फेज एकत्र जोडण्याचा मोह होतो. तिन्ही फेजचा करंट मग एकाच न्यूट्रलमध्ये साचतो आणि थ्री फेज पंप तर त्यावर चालतच नाही. गरजेचे दिवे, पंखे, फ्रिज एकाच फेजवर घ्या, बाकीचे दोन मोकळे सोडा.

छतावर सोलर असेल तर त्याचा ग्रिड-टाय (लाइनला जोडून चालणारा) इन्व्हर्टर चेंजओव्हरच्या लाइनच्या बाजूलाच राहू द्या. घराच्या बाजूला असला, तर तो जनरेटरलाच लाइन समजून त्यात वीज ढकलतो, व्होल्टेज वर जातं, उपकरणं उडतात.

चालू होतो, पण…

एक एचपीचा पंप लावताच जनरेटर दबतो: सुरू होताना मोटर चालत्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. 2 केव्हीएवर तो उचलणार नाही. मोठा जनरेटर असला तरी आधी पंप, मग फ्रिज.

घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर जनरेटरवर चार्जच होत नाही: बहुधा तो यूपीएस मोडवर असतो आणि वर-खाली होणारं व्होल्टेज नाकारतो. नॉर्मल मोडवर टाका.

लांबच्या खोलीत व्होल्टेज कमी: 30 मीटरच्या 1 चौरस मिमी वायरमध्ये 9 अँपिअरला सुमारे 10 व्होल्ट पडतात, 2.5 च्या वायरमध्ये सुमारे 4. वायरची गुंडाळीही पूर्ण उलगडा, नाहीतर ती तापते.

इंजिन लगेच बंद पडतं: ऑइल कमी आहे किंवा जनरेटर तिरका ठेवलाय, ऑइल सेन्सर त्याला थांबवतो.

जागेबाबत तडजोड नको. बाल्कनी, जिना, अर्धं शटर उघडलेलं पार्किंग चालणार नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दारं-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर ठेवा, धुराड्याचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला.

चालू करताना चेंजओव्हर शून्यावर ठेवा, दोन-तीन मिनिटं इंजिन गरम होऊ द्या, मल्टिमीटरवर 220 ते 240 व्होल्ट दिसले की घरातल्या सगळ्या एमसीबी पाडून चेंजओव्हर फिरवा आणि त्या एकेक करून वर करा. बंद करताना उलटा क्रम. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावरच, आणि महिनाभर लागणार नसेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.